मागच्या सीटवर एकसष्ट किलो

६ जानेवारी २०२४, शनिवार

आज परत जड! तिसऱ्यांदा. विमानात मी एकटी, टाक्या अर्ध्या, सामान म्हणून एक डबा नि पाण्याची बाटली. धावपट्टीच्या कडेला गवताचा जो पिवळा पट्टा आहे तिथे मी नेहमी हवेत असते. आज तो मागे पडला तरी चाकं जमिनीवरच. वर गेल्यावरही शेपूट खाली ओढत होतं, मागे कुणी बसलं असावं तसं.

शेठचं हे चार सीटचं विमान मी सहा वर्षं उडवतेय. आंब्याच्या व्यापाऱ्याला विमान कशाला, हे विचारून सगळी रत्नागिरी दमली. मला काय त्याचं! बेळगाव, जुहू, कधी पुणे. ह्या विमानाचं खोकणं-शिंकणं मला कळतं. उगाच जड होणाऱ्यातलं ते नाही.

बेळगावला उतरून मागची सीट बघितली. रिकामी. बघायला गेले हीच माझी कमाल.

८ जानेवारी

जुनेदने सगळं उघडून बघितलं. आमचा इंजिनीअर, स्क्रू मोजून काढतो, मोजून लावतो. शेपटीत पाणी साठलेलं नाही, खालचा गालिचा सुका, इंजिन ठणठणीत. पंखाच्या सांध्यात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं तेवढं सापडलं. चिमूटभर माती.

"आपा, इमानात काय नाय. तुमचाच वजन वाढला असेल."

शेडमधल्या काट्यावर उभी राहिले. पट्टीजवळ शेठची पॅकिंग शेड आहे, तिथला आंब्याच्या पेट्यांचा काटा. आमचे सगळे प्रवासी आधी त्याच्यावर चढतात, मग विमानात. अठ्ठावन्न. सहा वर्षं अठ्ठावन्नच.

११ जानेवारी

शेठचा फोन. चार फेब्रुवारीला मुलगी संस्कृती, जावई आणि नात, तिघांना जुहूला सोडायचं. "नातीची पहिलीच वेळ आहे, जरा सांभाळून हं."

तिघं आणि मी, शिवाय त्यांच्या बॅगा. कागदावर कसंबसं बसतं. त्यात मागे आणखी कुणी असेल तर नाही बसत! दुपारचा उकाडा, आखूड पट्टी, पुढे कातळाचा सडा संपतो नि दरी. शेठला काय सांगू? विमानात न दिसणारं वजन आहे? मला डोक्याच्या डॉक्टरकडे धाडतील, परवाना जाईल. न सांगावं तर एक तीन वर्षांची मुलगी बसणार आहे त्यात. चार तारखेच्या आत काय ते शोधायला हवं.

१२ जानेवारी

ग्रुपवर विचारलं — "कधी कुणाचं विमान विनाकारण जड उडालंय का?" लहान विमानवाल्यांचा ग्रुप आहे. हवा विचारली तर दोघं उत्तर देतात, आठवण विचारली की झुंबड!

नागपूरचा एक म्हणतो, इंजिन म्हातारं झालं की दम टाकतं, भुताटकी शोधू नका. बारामतीच्या एका मुलीने लिहिलं, "पहिल्यांदा एकटी उडाले तेव्हा उलटंच झालं. इतकं हलकं, की शेजारी सर नाहीत हे विमानालाच आधी कळलं." हे अगदी खरं. मलाही तेव्हा तसंच झालं होतं. जेट सोडून लहान विमानावर आलेल्या एकाचं मत — तिकडे माणसं सीट नंबराने येतात, इकडे वजनाने, म्हणून इकडची लक्षात राहतात.

धुळ्याच्या एका म्हाताऱ्या पायलटने एवढंच विचारलं, "ज्यांना नेलंत त्या सगळ्यांना उतरवलंत ना?"

मी हसण्याचं चित्र टाकलं. 

१५ जानेवारी

गुरुप्रसाद सर आले होते. मला उडायला ह्यांनीच शिकवलं. सत्तरी ओलांडली, पण आभाळात घरघर झाली की अजून ताटावरून उठतात. अम्मीने सांदणं केली होती, चार हाणली.

सरांचं मत ठरलेलं — लहान विमान खोटं बोलत नाही, बोलतो तो पायलट. मग आपणहून एक आठवण सांगितली. पूर्वी एकजण वडिलांच्या अस्थी पावसच्या समोर समुद्रात सोडायला घेऊन गेला. आयत्या वेळी त्याचा हात उचलेना. कलश तसाच परत आणला. "जाताना हलकं होतं. येताना जड. कलश तोच, सवा किलोचा!"

"मग?"

"दुसऱ्या दिवशी परत नेला. बाबा, आज सोडतो हां, असं बोलून नेला. झालं हलकं." मग माझ्याकडे बघत, "तुझं कधीपासून जड आहे?"

डिसेंबरपासून, मी म्हटलं.

सरांनी पाचवं सांदण घेतलं आणि विषय बदलला.

१६ जानेवारी

डिसेंबर नाही. नोव्हेंबर. नऊ नोव्हेंबर. खाई त्याला खवखवे!

१९ जानेवारी

सकाळी सात. वारा नाही, मोहोरावर धुकं. एकटीच तीन फेऱ्या मारल्या. मागे माणूस असलं की शेपूट जड होतं, मग नाक खाली ठेवायला हाताशी असलेलं ट्रिमचं चाक पुढे फिरवावं लागतं. किती फिरवलं ते टिपलं, जुन्या नोंदींशी ताडलं. तिन्ही वेळा तेच. मागच्या सीटवर साठ ते बासष्ट किलो. डावीकडे, बरोबर माझ्या पाठीमागे.

ताडायची गरजच नव्हती. आकडा मीच लिहिलेला आहे. धाकू, एकसष्ट.

२० जानेवारी

लिहून टाकते. इथे नाही तर कुठे!

धाकू म्हणजे शेठच्या हातखंब्याच्या बागेतला म्हातारा. चाळीस वर्षं कलमं राखली, वांदर हाकले. नोव्हेंबरात छातीचं दुखणं वाढलं. शेठ म्हणाले, रस्त्याचे आठ तास नाही काढायचा तो, आपल्या विमानाने ने, जुहूला अ‍ॅम्ब्युलन्स उभी करतो. शेठचा हा मोठेपणा मी कधी विसरणार नाही.

शेडमध्ये त्याला खुर्चीसकट काट्यावर ठेवला. अडुसष्ट, खुर्चीचे सात वजा. माकडटोपी, मफलर, वर शाल. नाकाचा शेंडा तेवढा दिसत होता. बायको काशीकाकू त्याला धरून उभी. तिला म्हटलं, तुम्हीही चला, पुढची सीट रिकामी आहे.

"मी नको गो बाय. वर बसून माजाच जीव जायचा."

मुलीच्या, दर्शनाच्या हातात तिने तुळशीचं पान घातलेली पाण्याची बाटली दिली. "लागला तर बापाशीच्या तोंडात घाल."

धाकू माझ्या मागे, दर्शना त्याच्या शेजारी. जादा हेडफोन एकच होता. तो मी माकडटोपीवरूनच धाकूच्या कानांना लावला. दर्शना खिडकीला कपाळ टेकून रडत बसली.

वर गेल्यावर कानात बारीक आवाज. "ता काय गो?" जयगड, म्हटलं. "आनि ती खाडी?" दाभोळची. हर्णैचा किल्ला दाखवला तर केवढा हसला! त्याचा गुडघा माझ्या सीटला मागून टेकलेला, दर प्रश्नाला एक ढुशी. मलाही मजा येत होती. आजारी माणूस इतका खुलला म्हणून बरं वाटत होतं. बाणकोटची खाडी आली तेव्हा म्हणाला, "ह्याच्या फुडं मी कदी गेलो नाय."

आणि गुडघा सुटला.

मी हाक मारली. दोनदा. मला कळलं.

तेवढ्यात दर्शनाने माझ्या खांद्याला हात लावला, इंजिनावर ओरडून विचारलं, "बाबा झोपलेत ना?" मी मान हलवली. हो, झोपू दे. का? मागे रडारड झाली तर माझे हात कापतील, अजून चाळीस मिनिटं आहेत, उतरवायचंय — असं काहीतरी डोक्यात आलं. भित्री मी! बाटली तिच्या मांडीवर होती. झोपलेल्या बापाला पाण्यासाठी कोण उठवेल? जुहूला डॉक्टरांनी मनगट धरलं नि खाली ठेवलं.

बाप पाण्यावाचून गेला म्हणून दर्शना अजून रडते, असं जुनेद सांगत होता. मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

२३ जानेवारी

शेठना घेऊन बेळगाव. निघण्याआधी वजनाच्या कागदावर मागे डावीकडे ६१ लिहिलं. नाव नाही लिहिलं. त्या हिशोबाने ट्रिम लावली, तेवढी पट्टी धरली. विमान असं उठलं की शेठ म्हणाले, "आज मस्त उडवलंस!"

सगळा वेळ माझ्या पाठीला घाम.

आणखी एक. बसताना शेठ बॅग मागच्या सीटवर ठेवायला वळले. डावीकडे हात नेला, थांबले, बॅग परत घेतली नि बेळगावपर्यंत मांडीवर धरली.  

२४ जानेवारी

अम्मी म्हणते, जेवताना तू सारखी मागे वळून काय बघतेस?

२७ जानेवारी

शेठला सांगून टाकलं, चार तारखेला तिघांना नेणार नाही. दोघांनाच नेईन, तेही आधी माझं एक काम उरकलं तर.

"चार सीटचं विमान तीन सीटचं कधी झालं?"

"सध्या झालंय."

 मला वाटलं आता नोकरी गेली. मग म्हणाले, "तुझं काम उरकून घे." बॅग आठवली असेल का त्यांना?

३० जानेवारी

गेले एकदाची धाकूच्या घरी. हातखंब्याच्या अलीकडे वाडी आहे, शेवटचं घर. दर्शनाने चहा टाकला. चहा घेतला असता तर सांगवलं नसतं, म्हणून कप हातात घ्यायच्या आधीच सगळं बोलले. बाणकोट, गुडघा, माझी मान.

दर्शना आधी गोंधळली. "बाबा बोलले? तुमच्याशी?"

"हेडफोनमधून. तुला ऐकू नसतं आलं."

"पण ते शेडपासनंच डोळे मिटून होते. एक शब्द नाय बोलले, ताई."

मी जयगडचं, हर्णैचं सांगितलं. मग तिचा विश्वास बसला, आणि ते जास्त वाईट झालं. ओरडली नाही. "पाणी माझ्या मांडीवर होतं. चाळीस मिनटं. तुम्ही हो म्हणालात." मग म्हणाली, "जावा तुम्ही."

काशीकाकू पडवीत सुपात कुळीथ निवडत होती. सगळं ऐकलं होतं तिने. तिच्यापुढे वाकून मी म्हटलं, "काकू, विमान तेव्हापासून जड लागतंय. धाकूकाका उतरलेच नाहीत असं वाटतं मला." सूप हलायचं थांबलं. मान वर केली नाही. मी निघाले.

१ फेब्रुवारी

कबूल केलं की मन हलकं होतं म्हणतात. झालं नाही. विमानही आज जडच.

२ फेब्रुवारी

सकाळी दहाला काशीकाकू आली. एकटी, एसटीने. कुणाला काही न विचारता विमानाशी गेली आणि मागच्या काचेला तळवा लावून उभी राहिली.

"पोरीला उगाच रडवलंस गो. तू काय नाय केलास. काट्यावर ठेवला तवाच गेलेला तो. माज्या हातात. पानी मीच घातला तोंडात, तू कागदावर वजन लिवत होतीस तवा."

 काचेवरचा हात न काढता म्हणाली, "मी तवा बोलले असते तर तू उतरवला असतास. चाळीस वर्सा बागेतना मान वर करून बगायचा. म्हटला, एकदा बसूंदे."

मी चाकाशी खालीच बसले. तीही शेजारी बसली, पदर सावरला, जवळ सरकली.

"बाणकोटपावत बोलला म्हनालीस ना? काय काय बोलला, ता सगळा सांग."

मी जयगडपासून सुरू केलं.