फुली केलेली खिडकी

कलकत्ता, रविवार संध्याकाळ

ती. दादास,

वरचं ‘तीर्थरूप’ रीत म्हणून लिहिलं आहे, मनापासून नव्हे. तुझं वर्षश्राद्ध काल गंगेवर यथासांग झालं. आज तुझ्याशी भांडायला कागद घेतला आहे. उद्या सकाळी आईला काय सांगायचं, हे मला आजच ठरवायचं आहे, आणि हा घोळ तुझा आहे.

आईनं सातारहून येताना तुझी चित्रांची कार्डं बरोबर आणली आहेत. चौरंगी, पोस्टाचा घुमट, चितपूरची ट्राम. सगळ्यांत वर लालदिघीच्या तळ्याकाठची ती बड्या कंपनीची कचेरी. दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीवर शाईची फुली, आणि मागं तुझं अक्षर: ‘आई, इथं मी बसतो.’

हे कार्ड आमच्या देवघरात गणपतीशेजारी होतं, ठाऊक आहे ना तुला?

एकालाच शिकवायचं असं बाबांनी ठरवलं, तो तू. मला सातवीतून काढून छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला बसवलं. तुझ्या कार्डांखालच्या इंग्रजी ओळी लावून लावून मी इंग्रजी शिकलो, कुणाचा हात न धरता. आज छापखाना माझा आहे आणि चुकीचं पान तिथून बाहेर पडत नाही. चौरंगीच्या आणि घुमटाच्या कार्डावर ढग एकच आहेत, छापणाऱ्यानं ते उचलून दोन्हीकडे चिकटवलेत, हे मी आईला तेव्हाच दाखवलं होतं. ती म्हणाली, “तुला मेल्या ढगच दिसणार! दादाची खिडकी नाही दिसत?”

दिसत होती ना! उठता बसता दाखवली जात होती.

आणि तो पडदा! “ऊन येत असेल रे त्याच्या डोळ्यांवर,” म्हणून आईनं हिरव्या खादीचा पडदा शिवून तुला पाठवला. तू उत्तर दिलंस, ‘पडदा लावला. साहेबसुद्धा विचारत होता, कुणी शिवला?’ साहेबसुद्धा! एवढं रंगवायची काय गरज होती?

आज आम्ही लालदिघीला गेलो. कार्डात गुलाबी असलेली इमारत प्रत्यक्षात पिवळट आहे. आई तळ्याच्या पायरीवर बसली, कार्ड डोळ्यांजवळ धरून खिडक्या मोजू लागली. “हीच. पण पडदा दिसत नाही रे विनू. काढला असेल का त्यांनी?”

मी दरवानाला विचारलं. तो हसला. “वह खिड़की नहीं है बाबू, दीवार है. शोभा के लिए बनाया.”

मी खाली उभा राहून निरखून पाहिलं. झडपा चुन्याच्या, वर हिरवा रंग. इमारत दोन्ही बाजूंनी सारखी दिसावी म्हणून काढलेली नुसती नक्षी. आत बसणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. तू आत कधी गेलाच नव्हतास, दादा. रस्त्यावरून पाहिलीस, आज मी पाहिली तशीच.

“काय म्हणतो रे तो?”

“आज रविवार, बंद आहे म्हणतो.”

“मग उद्या येऊ. वर जाऊन त्याच्या टेबलाला एकदा हात लावते, म्हणजे झालं.”

आईला उतरलो आहोत तिथं सोडून आता मी सियालदहला, तू राहायचास त्या मेसमध्ये बसलो आहे. तुझ्याबरोबर खोलीत राहणारे नाना सगळं बोलले. त्या कचेरीनं तुला नाकारलं, त्याच दिवशी तू ते कार्ड घेतलंस. ‘आज ना उद्या लागेलच नोकरी, मग खरं होईल,’ म्हणालास म्हणे. पुढं शेवटपर्यंत हावड्याच्या एका ओतकामाच्या कारखान्यात कोठी सांभाळलीस. नानांनी तुझी ट्रंक उघडली. तळाशी तो पडदा, घडीही न मोडलेला, मध्ये कडुलिंबाचा वाळका पाला.

कसर लागू नये म्हणून पाला घालायला सुचलं, आणि खऱ्या चार ओळी लिहायला सुचलं नाही? कोठी सांभाळणारा मुलगा आईला कमी वाटला असता? की तुलाच वाटला? खिळे जुळवणारा भाऊ तुझ्याच घरात होता की रे! त्या नसलेल्या खिडकीखाली माझी उमर गेली, आणि एकदा तरी मला म्हणाला असतास, ‘विनू, तू शिसं जुळवतोस, मी लोखंड मोजतो!’

नाना म्हणतात, “आता कशाला? राहू द्या म्हातारीला तिची खिडकी.” पण उद्या ती वर जाईल, आणि तिच्या हाताला भिंत लागेल. परक्या शिपायांसमोर. ते मी होऊ देणार नाही.

उद्या सकाळी तिला सगळं सांगेन, आणि मग नव्या पुलावरून हावड्याला नेईन. ती रडेल. तुझ्या वाट्याचं ते रडणं मी बघेन, तेही तुझ्यासाठीच. कोठीत टेबल असो नाहीतर खोकं, तिचा हात त्याला लागेल. खिडकी असली तर पडदाही लावून येईन, मालकाच्या पाया पडावं लागलं तरी.

कार्डांत एक जुन्या तरंगत्या पुलाचं आहे. फुली नाही म्हणून आई ते सगळ्यांत खाली ठेवते. त्यात पलीकडच्या काठावर हावड्याची धुराडी आहेत, बारीक, छापणाऱ्यानं रंगसुद्धा न लावलेली. नाना दाखवतील त्या धुराड्यापाशी मी माझ्या हातानं फुली करीन आणि सातारला ते कार्ड गणपतीशेजारी लावीन. जागा चुकणार नाही, हे माझं वचन.

तुझा धाकटा,
विनायक