हेडरवर घातलेलं नाव

२२ एप्रिल, मंगळवार
आजपासून रोज लिहिणार. टीम लीड होणाऱ्या माणसाकडे नोंदी हव्यात. आमच्या मॅनेजर ऋतिका मॅडम काल म्हणाल्या, मे महिन्यात लीड नेमायचा आहे. म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे खिडकी आहे हे खरं, पण खिडकीकडे कोण पाहतं?
दुसरा उमेदवार मेलरॉय. माझ्याच शेजारच्या टेबलावरचा, नंदाखालचा. जिवाभावाचा दोस्त, पण लीड व्हायला लागतो तो आत्मविश्वास नाही. साधा ईमेलसुद्धा दोनदा वाचून पाठवतो.

२३ एप्रिल, बुधवार
मोठं काम आलं आणि ते मला मिळालं! राजोडीच्या आग्नेसबाईंच्या रिसॉर्टची बुकिंग साइट. गर्दी वाढली म्हणून आता एकाऐवजी तीन सर्व्हर, आणि त्यांच्या पुढ्यात लोड बॅलन्सर. आलेल्या गिऱ्हाइकाला कोणत्या सर्व्हरकडे धाडायचं ते हा ठरवणार. नायगावला आमच्या टॉवरचा वॉचमन पाहुण्याला विंग सांगतो ना, तसं. धाडताना सोबत चिठ्ठी द्यायची: पाहुणा कुठून आला, सुरक्षित दाराने की साध्या. या चिठ्ठ्या म्हणजे हेडर. त्या मी लिहायच्या.
विनिताला सविस्तर समजावलं. ती म्हणाली, म्हणजे तुला चिठ्ठ्या लिहायचा पगार मिळतो. बायको असली तरी सगळ्यांना टेक्निकल डोकं नसतं.

२४ एप्रिल, गुरुवार
४ मेला मेलरॉयच्या मुलीचं, टिफनीचं, चर्चमध्ये पहिलं कम्युनियन. जेवण घरीच, वाडीत मांडव घालून. मेलरॉय म्हणाला, जितूकाका आल्याशिवाय केक कापणार नाही असं तिने आत्ताच जाहीर केलंय. जाणारच. शिवाय दिवाळीचा फराळ दिलेला आमचा मोठा डबा अजून त्यांच्याकडेच आहे. चिंता नाही. डब्यावर नाव आहे.
आईचा नियमच तसा. भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव घालून घ्यायचं. म्हणते, नाव घातलेलं भांडं कुठेही गेलं तरी आपल्या घरी परत येतं.

२५ एप्रिल, शुक्रवार. दुपारी
कल्पना सुचली. मला अशा सुचतात, हे इथे नोंदवून ठेवतो.
आत जाणाऱ्या चिठ्ठीसारखीच बाहेर जाणाऱ्या उत्तरालाही आपल्या मनाची चिठ्ठी लावता येते. मी लावली. एक्स-कॉन्फिगर्ड-बाय: जितेंद्र पालशेतकर, नायगाव पूर्व. साइटचं प्रत्येक पान हे नाव घेऊन बाहेर पडणार. वरून दिसत नाही. भांड्याच्या बुडावर असतं तसं.
आईला फोन करून सांगितलं. बाकी काही कळलं नाही तिला, पण तिने बरोबर विचारलं, फोन नंबर घातलास का? तोही घातला.

२८ एप्रिल, सोमवार
मेलरॉयने माझी फाइल पाहिली. मी दाखवली नव्हती, तो मागे उभा होता. म्हणतो, पाहुणा साध्या दाराने आला असं तू कायमचं लिहून ठेवलंयस, ते प्रत्येक पाहुण्याप्रमाणे आपोआप भरलं गेलं पाहिजे. आणि आधी स्टेजिंगवर चालवून बघ, यार.
स्टेजिंग म्हणजे खोटी साइट. तालीम. तालीम नटांना लागते. आणि जी गोष्ट आपोआप बदलते तिच्यावर मी विश्वास ठेवत नाही. मी हाताने लिहिलं, एकदाच लिहिलं, पक्कं लिहिलं.
लीडची जागा जवळ आली की दोस्तसुद्धा चुका काढायला लागतात. वाईट वाटलं.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया
साडेतीन मुहूर्तांपैकी एक. आज सुरू केलेलं अक्षय टिकतं. लोक सोनं घेतात, मी लोड बॅलन्सर चालू केला. लॅपटॉपला झेंडूचं फूल वाहिलं. मेलरॉय पुन्हा स्टेजिंग म्हणाला. मी त्याला पेढा दिला.

त्याच दिवशी, दुपारी
साइट उघडत नाही. ब्राउझर म्हणतो, तुम्हाला खूप वेळा इकडून तिकडे पाठवण्यात आलं. ब्राउझरचा दोष.

संध्याकाळी
ब्राउझरचा दोष नाही. पाहुणा सुरक्षित दाराने येतो, माझी चिठ्ठी म्हणते साध्या दाराने आला, आतला सर्व्हर म्हणतो सुरक्षित दाराने ये, तो पुन्हा तिथूनच येतो, चिठ्ठी पुन्हा तेच म्हणते. हे संपत नाही. मुहूर्ताचा गुण.
चिठ्ठी बरोबर आहे याबद्दल मात्र मला शंका नाही. कुणीतरी मागाहून हात लावला असणार.

१ मे, गुरुवार
सुट्टी. सकाळी चहा घेत होतो तेव्हा थेट माझ्या मोबाइलवर आग्नेसबाई. पालशेतकर तूच ना, म्हणाल्या, लाँग वीकेंडला माझ्या खोल्या रिकाम्या, गिऱ्हाइक नुसतं गोल फिरतंय. मी विचारलं, माझा नंबर कोणी दिला? बाई म्हणाल्या, कोन देनार? तूच दिलास. आणि फोन आपटला.
मी! मी या बाईंना जन्मात भेटलेलो नाही.
त्यानंतर गिऱ्हाइकांचे फोन. एकाला समुद्राकडची खोली हवी. एका बाईंना विचारायचं होतं नाश्त्यात अंडं मिळतं का. मी सांगितलं मला माहीत नाही, तर म्हणाल्या, मालक असून माहीत नाही?
डोकं शांत ठेवून विचार केला. आग्नेसबाई राजोडीच्या. मेलरॉय नंदाखालचा. दोन्ही गावं जवळ. नंबर कोणी दिला ते शेंबडं पोरही सांगेल.
मेलरॉयचे फोन येत होते. घेतले नाहीत. ज्याच्या घरी आपला फराळ जातो त्याने असं करावं? जेवलो नाही. म्हणजे कमी जेवलो.
दुपारनंतर साइट आपोआप चालू झाली. मी म्हणत होतोच, लोड बॅलन्सरला जरा वेळ द्यावा लागतो.

२ मे, शुक्रवार
मॅडमना मेल केला. ऑफिसातलं कुणीतरी क्लायंटला माझ्याविरुद्ध फितवतंय, माझा खाजगी नंबर वाटतंय, नाव सोमवारी मीटिंगमध्ये पुराव्यासह उघड करीन. मेल एकदाच वाचला.
मेलरॉयला मेसेज: माझा डबा परत कर. तो शेजारीच बसला होता. मेसेज वाचून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, बरं.
विनिताला सांगितलं, रविवारी आपण जाणार नाही. ती म्हणाली, तू नको जाऊस. घरातही माणूस एकटाच असतो.

४ मे, रविवार
विनिता रिक्षा करून नंदाखालला गेली. मी वरणभात लावला. भात खाली लागला.
माझी बाजू पक्की आहे. तरी दुपारभर घड्याळाकडे लक्ष होतं, आता केक कापत असतील म्हणून.
ती संध्याकाळी आली. काही विचारणार नव्हतो, तरी विचारलं. टिफनी पांढऱ्या फ्रॉकमध्ये फार गोड दिसत होती म्हणाली. केक कापायला बराच उशीर केला तिने. सारखी फाटकाकडे बघत होती.
मी म्हणालो, ते तिच्या बापाला विचार. विनिता कपडे बदलायला आत गेली.

५ मे, सोमवार. सकाळी
आज निकाल. निळा शर्ट. भाषण पाठ आहे. शेवटी मेलरॉयला माफ करायचं ठरवलंय. लीडला मन मोठं लागतं.

संध्याकाळी
मीटिंग झाली. आग्नेसबाईंकडून त्यांची वेबसाइट बघणारा हार्दिक ऑनलाइन होता. मी उभा राहिलो आणि मेलरॉयकडे बघत विचारलं, क्लायंटला माझा नंबर कोणी दिला?
हार्दिक म्हणाला, एक मिनिट सर, स्क्रीन शेअर करतो.
भिंतीवर रिसॉर्टच्या साइटचे हेडर उमटले. मधोमध एक्स-कॉन्फिगर्ड-बाय, माझं नाव, नायगाव पूर्व, मोबाइल. बुधवारी साइट बंद का म्हणून त्याने पानाच्या पोटात शोधाशोध केली, आणि तिथे हा कारागीर मिळाला. तोच नंबर बाईंनी रिसेप्शनच्या फळ्यावर लिहून ठेवला. गिऱ्हाइकांना तिथूनच देत होते.
मी बसलो.
मॅडम माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, तुमचा मेल मी मेलरॉयला दाखवलेला नाही, दाखवणारही नाही. मग त्यांनी बिघाडाचा अहवाल वाचला. एक तारखेला दुपारी चिठ्ठी दुरुस्त केली मेलरॉयने, घरून, मांडवासाठी आलेले बांबू उतरवून घेता घेता. आधी मला फोन करत होता. माझ्या कामाला हात लावू का, हे विचारायला. अहवालात त्यानेच कारण लिहिलं होतं: बदल आम्ही दोघांनी मिळून केला होता, चूक दोघांची.
चूक दोघांची, म्हणून लीड आमच्यातला कोणीच नाही. पुण्याहून माणूस येतोय.
मी माझं हेडर काढलं. आधी स्टेजिंगवर चालवून बघितलं. मेलरॉयने मान वर केली नाही, वेळ झाली तसा निघून गेला.
टेबलावर आमचा डबा होता. बुडाशी आईने घालून घेतलेलं माझं नाव. उचलला तर जड. आत केकचा मोठा तुकडा, खाली नारळाच्या वड्या, आणि तोंडाला झाकणाऐवजी केळीचं पान बांधलेलं. केकवर पांढऱ्या क्रीममध्ये टिफनीच्या नावातला ‘टि’ आला होता.
मी मेसेज टाकला, डबा मिळाला. दोनदा वाचून पाठवला.
उत्तर आलं. झाकण घरीच राहिलंय. त्याच्यावर नाव नाही, पण तुझंच आहे ते. रविवारी घ्यायला ये, टिफनी विचारते.