लागलं म्हणायचं

मार्गशीर्ष शु. ६, खामगाव
आज आखाड्यात नांदुऱ्याच्या गड्याचा खांदा उतरवला. चामड्याची ढाल, फरी, वर केली त्यानं, मी वेताचा गदगा खालून घातला. डुकरासारखा ओरडला. पंच 'बस' म्हणेपर्यंत आणखी एक ठेवून दिला. थांबायचं ते पंचाच्या शब्दावर, हाच आपला कायदा. जिल्ह्यात आता माझ्यासमोर कोणी टिकत नाही.

मार्ग. शु. ११
कापसाच्या गाठींच्या प्रेसमध्ये (मी तिथं मुकादम) कापूस घ्यायला फ्रान्सचा साहेब आलाय. तिकडचा तलवारीचा चँपियन म्हणे. आखाड्यात आणला. बोथट तलवार, तोंडावर जाळीचा टोप. छातीवर टोचत राहिला, मला हात दिसलाच नाही. आमचे रहीम उस्ताद हसले, "हात काऊन पाहून राह्यला बे? पाय पाह्य त्याचे!" अंगाची लाही झाली.

मार्ग. व. ४
साहेब रोज येतो. मोडक्या हिंदीत सांगत होता. लहानपणी त्याच्या उस्तादानं तलवार हाती दिलीच नाही, नुसते पाय नाचवले. मग बक्षिसंच बक्षिसं. मग कोणाच्या तरी शिवीवरून खरी तलवार चालली, समोरच्याचं पोट फाटलं. तेव्हापासून बोथटच धरतो.
एक तऱ्हा आहे त्याची. लागलं की आपणच थांबतो, टोप वर करून म्हणतो, "लगा." पंचाची वाट बघत नाही. पहिल्यांदा सगळे खो खो हसलो.

पौष शु. ५
संक्रांतीला गावासमोर साहेबाशी डाव. हरलो तर तोंड कुठं दाखवू?

संक्रांत
गदगा त्याच्या खांद्यावर बसला. उस्ताद पंच होते, अजून बोलले नव्हते. साहेब थांबला. टोप वर. "लगा."
मी मारला. डोळ्यावर.
त्याचं रक्त माझ्या ओठावर आलं. लोकांनी मला खांद्यावर घेतलं.

किंक्रांत
डोळा गेला. पोलिसांना साहेब म्हणाला, पंच बोलले नव्हते, चूक माझी. गावही तेच म्हणतं. पण तो टोप वर होताना मी रोज पाहत होतो. मला माहीत होतं. लाज वाटते. काल खांद्यावर बसलो तेव्हा बरं वाटलं, तेही खरं.
उस्ताद बोलत नाहीत.

माघ शु. ९
साहेब आखाड्यात आला. डोळ्यावर पट्टी. मला म्हणाला, "फिर खेलेगा?" सगळ्यांसमोर नाही कसं म्हणू? हो म्हटलं.
उस्ताद आज पहिल्यांदा बोलले. "म्या नाही होत पंच. पंचच नाही आता. ज्याले लागन, त्यानंच सांगायचं."
डाव उद्या सकाळी. त्याला एका बाजूचं दिसत नाही, मी सहज जिंकेन. पण त्याचं एक जरी टोक मला लागलं तर? जन्मात कधी 'लागलं' म्हटलेलं नाही. परसात जाऊन हळूच म्हणून पाहिलं. बायको हातातलं टाकून धावत आली. "कुठी लागलं?"
तिला काय सांगू? काही नाही म्हणालो.