मुठीतले पैसे

शंतनु,

तुह्या ताईले पोचवाले मी मोताळ्याले जाऊन राह्यली. स्वयंपाक केला नाही. बाहेरून मागवून घे, मोबाईल हायेच तुह्यापाशी.

काल जेवता जेवता, जावयासमोर, तू मोबाईलमधी पाहून मोठ्यानं विचारलं, "आई, ताईले दोन हजार काऊन पाठवले?" पोरीनं मान खाली घातली, ती वर केलीच नाही. लेक माहेराहून निघाली की आई तिच्या मुठीत काहीतरी कोंबते. ते कोणी पाह्यत नाही, अन् पाह्यलं तरी बोलत नाही. एवढी साधी रीत तुले समजत नसन, तं इतकं शिकून काय फायदा?

माहा बटवा तुनंच रिकामा केला. "आता नोटा कोण बाळगते?" म्हणे. सारे पैसे तुह्या-माह्या दोघांच्या नावच्या खात्यात भरले अन् मले मोबाईलवरून द्याले शिकवलं. मले वाटलं, पोराले आईचं कौतुक. मी पैसे देले की मेसेज तुलेही येते, हे मात्र सांगतलं नाही.

तो मोबाईल फ्रिजवर ठेवला हाये, तूच सांभाळ. तिकिटाचे पैसे मी शेजारच्या अमीरबीकडून घेतले.

अन् तू अकोल्याले होस्टेलवर होता, तवा लाडवाच्या डब्यात कागदाखाली नोटा निघत होत्या, आठवते? तुह्या बाबायनं एक रुपया वरतून द्याले मनाई केली होती. त्यायले आजपर्यंत पत्ता नाही. माह्या बटव्यानं कोणाले मेसेज नव्हता केला.

आई