दोन सावेतांची एक सावेता

तिमिशोआरा

धाकटे पारास्किवा, तुला पोटभर आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, नातवाकडे खाऊन लोळते. तुझा गुडघा काय म्हणतो?

चर्चमध्ये शनिवारच्या प्रार्थनेत मृतांची नावं वाचता वाचता पाद्रीबाबा थकायचे. आपल्या राझवानने ती संगणकात घातली आणि एक बटण दाबून दुबार नावं उडवली. आता झटपट आटोपतं. सगळे त्याची पाठ थोपटतात.

शनिवारी माझी सावेता एकदाच वाचली गं. पहिली लेक गेली म्हणून दुसरीला तेच नाव ठेवलं होतं, तीही गेली.

हे पत्र लिहून देणारा राझवान म्हणतो, “आजी, तेच नाव पुन्हा दिसलं, मला चूक वाटली.”

म्हटलं, “दुसरीला पुरताना मलाही चूकच वाटली होती, बाळा. लिही तेही, थांबू नकोस.”

तू गावात दोघींची नावं वाचून घे. दोघींच्या मध्ये तिथल्या पाद्रीबाबांना श्वास घ्यायला सांग.

तुझी थोरली,
दोम्निका