आप्पा कोणावर अवलंबून?

चिखली, रविवार

तीर्थस्वरूप दादासाहेबमामांना मुरारीचा साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून लिहितोय, तेव्हा साष्टांग म्हणणं कितपत खरं आहे कोण जाणे, पण भावना तीच.) तुमची कंबर आता कशी आहे? मामींनाही नमस्कार. फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि इकडे आप्पांना भिंतीपलीकडचं ऐकू येतं. गुडघा गेलाय, कान शाबूत आहेत.

गुडघ्याचंच सांगायचंय. येत्या गुरुवारी आप्पांचं ऑपरेशन आहे. ते माझ्या कंपनीच्या मेडिक्लेममधून झालं तरच करून घेणार, असा त्यांचा हट्ट. 'एवढी वर्षं चाकणला जातोस, कंपनीला एक गुडघा जड न्हाई.' पण यंदा कंपनीने सगळ्यांकडून नवा फॉर्म मागवला. त्यात प्रश्न होता : आईवडील तुमच्यावर अवलंबून आहेत का? बाकीचे 'होय'वर टिचकी मारून चहाला गेले. मी थांबलो. घर आप्पांचं, भाकरी आप्पांच्या ज्वारीची, आणि रानात बांधलेल्या खोल्यांचं भाडं येतं त्यातून माझ्या पोरीची फी जाते. डायरीत यावर दोन पानं झाली. शेवटी 'होय' केलं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'भावनिकदृष्ट्या' असं जोडलं.

त्या एका शब्दापायी ऑफिसातल्या तनुजा मॅडमनी चौकशीसाठी घरी फोन केला. मी शिफ्टला होतो. फोन आप्पांनी घेतला. तुम्ही मुरारी सरांवर अवलंबून आहात ना, असं मॅडमनी विचारलं. 'मी? त्याच्यावर? अहो ताई, त्याच्या गाडीत पेट्रोल आमी टाकतो. आन् सर कुठला, जेवायला चारदा हाक मारावी लागती त्याला.' मॅडमनी हे जसंच्या तसं नोंदवलं. संध्याकाळी यादीतून आप्पांचं नाव गेलं. (आईचं राहिलं, तिला कोणी विचारलंच नव्हतं.)

तनुजा मॅडम माणूस म्हणून चांगल्या. वडिलांच्या सहीचं प्रतिज्ञापत्र आणा, नाव परत घालते, म्हणाल्या. मी स्टॅम्पपेपरवर करून आणलं. आप्पांनी चष्मा लावून वाचलं : 'मी माझ्या मुलावर पूर्णपणे अवलंबून आहे.' मग शांतपणे म्हणाले, 'हे गावात कुणाकुणाला दावलंस?' नोटरी यशवंतराव आपल्याच आळीतले, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन दिवस घरात थांबेनात. लंगडत जाऊन गोठ्यात बसायचे. आई म्हणाली, 'सही केली तर गुडघा मिळंल, न्हाई केली तर मिशी राहील. त्यांचं त्यांना ठरवू दे.'

तोडगा आप्पांनीच काढला. ते सही करतील, पण मीही तसाच कागद लिहून द्यायचा : मी, मुरारी, वय सेहेचाळीस, वडिलांवर पूर्णपणे अवलंबून आहे. सही करताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, तेच मनाला लागलं. एक कागद कपाटात गेला, दुसरा पाकिटात. पाकीट आप्पांनी स्वतः चिकटवलं. काल त्यांचं नाव यादीत परत आलं. सगळं मिटलंय, तुम्ही काळजी करू नये.

आपला भाचा,
मुरारी

ता. क. : आत्ता कपाट उघडलं तर आत आप्पांचा कागद. कंपनीत माझा गेलाय, आणि मंजूरही झालाय. म्हणजे मी वडिलांवर अवलंबून आहे हे वाचून कंपनीने वडिलांचा विमा चालू ठेवला. उद्या जाऊन सांगू का, असं आप्पांना विचारलं. म्हणाले, 'गप बस. खरा होता तोच गेलाय.' मला हे पटलेलं नाही. ऑपरेशननंतर सांगणार, असं डायरीत लिहून ठेवलंय. तारीख घातलेली नाही.

आणखी एक : गुरुवारी सकाळी आठला पिंपरीला हॉस्पिटलात या. काउंटरवरच्या बाईंनी आप्पांना काही विचारायच्या आत तुम्ही बैलगाडा शर्यतीचा विषय काढा. तुमच्या बैलांनी त्यांच्या बैलांना एकदा हरवलं होतं, असं म्हणालात की सह्या होईपर्यंत ते दुसऱ्या कोणाशी बोलणार नाहीत. तसं कधी झालं नाही, मला ठाऊक आहे. पण ते तुम्ही बोलणार आहात, मी नाही.