दातांतली रेती

आई,

भाजीची पानं तिसऱ्या पाण्यातून काढली तरी तळाशी रेती दिसत होती, पण मी धुणं तिथंच थांबवलं. शिजायला वेळ लागणार होता आणि इस्पितळातली भेटीची वेळ गाठायची होती. माझी तार वाचल्यापासून तुझ्या मनात एकच असेल, तुझ्या लेकानं, लूथरनं, शेवटचं काय खाल्लं. म्हणून लिहिते.

तू रेल्वेनं पाठवलेली कोलार्डची पालेभाजीच, डुकराच्या धुरी दिलेल्या पायाबरोबर तीन तास मंद शिजवली. नर्स म्हणाली, पानं नकोत, नुसतं भाजीचं पाणी पाजा. घाईत गाळायचं राहिलं होतं.

तिसऱ्या चमच्याला त्यानं तोंड वाकडं केलं.

“ओडेसा, आईनं तुझा कान पिळला असता. रेती लागतेय.”

“मग थुंक ना.”

“थुंकू कशाला? आपल्या शेतातली आहे.” तो हसला आणि त्यानं गिळली. अख्खा पेला संपवला, आई. म्हणाला, “उद्या मक्याचा पावही आण.”

तुझा गुडघा कसा आहे? एकटी झोपू नकोस, मावशीला बोलावून घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाव घेऊन गेले. त्याच्या खाटेवर नवी चादर घातलेली होती.

तुझी,
ओडेसा